दऱ्या आणि दर्या

"हे सगळं भंगारवाल्याला दे," मामा म्हणाला. "किती वर्षं वाट बघतोय कोणीतरी न्यावं म्हणून."

माळ्यावरून काढलेला पत्र्याचा डबा आमच्या दोघांच्या मध्ये होता. आत त्रेचाळीस फ्लॉप्या, अकरा सीड्या आणि एक डोंगल. डोंगल म्हणजे प्रिंटरच्या पोर्टला लावायचा बोटभर ठोकळा. तो नसला तर मराठी फॉन्टचं पॅकेज सुरूच व्हायचं नाही. चिपळूणला मामाचं डीटीपीचं दुकान होतं. त्याआधी तो छापखान्यात खिळे जुळवायचा. २००५ च्या पुरात दुकानात पाणी शिरलं, तेव्हा त्यानं हा डबा घरी आणून माळ्यावर टाकला. त्यामुळेच २०२१ च्या जुलैमधल्या पुरातून तो सुटला.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करते. जुने प्रोग्रॅम, पुन्हा चालती केलेली जुनी यंत्रं, इंटरनेटवरच्या विलक्षण गोष्टी हे सगळं मी जमवते. मामाला हे अजिबात पटत नाही. मे महिन्यात चार दिवस त्या डब्याभोवती बसून आम्ही जे बोललो ते इथे मांडते आहे, कारण काही गोष्टींत मामा बरोबर होता, आणि एका गोष्टीत मी बरोबर आहे असं मला अजूनही वाटतं.

"तू जमवतेस म्हणजे नक्की काय जमवतेस?" त्यानं विचारलं.

मी लॅपटॉप उघडला आणि माझ्या सगळ्यात आवडत्या गोष्टीपासून सुरुवात केली. केंब्रिज विद्यापीठाची संगणक प्रयोगशाळा, साल १९९१. कॉफीचं भांडं एका खोलीपाशी आणि माणसं इमारतभर विखुरलेली. जिने चढून यावं तर भांडं रिकामं. म्हणून तिथल्या संशोधकांनी भांड्यासमोर कॅमेरा लावला आणि त्याचं चित्र आपापल्या संगणकावर दिसेल असा छोटा प्रोग्रॅम लिहिला. चित्र १२८ बाय १२८ ठिपक्यांचं, काळं-पांढरं. १९९३ मध्ये ते वेबवर आलं आणि जगभरची माणसं केंब्रिजमधली कॉफी उरली आहे का ते बघू लागली. २००१ मध्ये कॅमेरा बंद झाला. ते भांडं लिलावात एका जर्मन साप्ताहिकाच्या संकेतस्थळानं तीन हजार पौंडांहून जास्त देऊन घेतलं.

मामानं चित्र निरखून पाहिलं. "आणि याचा उपयोग?"

"तू रात्री मोबाइलवर दुकानाचा सीसीटीव्ही बघायचास ना? त्याची सुरुवात इथे झाली."

"सुरुवात झाली, काम झालं. भांडं ठेवलं त्यांनी, उत्तम. पण तू भांडं ठेवत नाहीस. तू भांड्याचं चित्र ठेवतेस, चित्राचा प्रोग्रॅम ठेवतेस, त्या प्रोग्रॅमला चालवणाऱ्या यंत्राची नक्कल ठेवतेस. अगं, हे संपतं कुठे?"

हा प्रश्न मला आधी कोणी असा विचारला नव्हता. उत्तर द्यायला वेळ लागला, तेवढ्यात तो पुढे बोलायला लागला.

"मी सांगतो छापखान्यात काय होतं. खिळे जुळवायचे, गॅलीत लावायचे, प्रूफ काढायचं, फर्मा बांधायचा, छापायचं. छापून झालं की फर्मा सोडायचा. खिळे धुवायचे आणि एकेक खिळा परत आपल्या खणात. 'क'च्या खणात 'क', कान्याच्या खणात काना. फर्मा उभा ठेवला तर खिळे अडकून पडतात आणि दुसऱ्या दिवशीच्या पत्रिकेला 'श्री' मिळत नाही. आम्हाला शिकवलं होतं, छापलेला कागद गिऱ्हाइकाचा, खिळे उद्याच्या कामाचे. या फ्लॉप्या म्हणजे सोडायचे राहून गेलेले फर्मे. यातले दिवाळी अंक निघाले, लोकांनी वाचले. आता कशाला जपायचं?"

हे मला मान्य करावंसं वाटलं, इतकं ते स्वच्छ होतं. पण त्यात एक फरक राहून जातो आणि तो मोठा आहे.

"मामा, खिळे परत खणात टाकले की ते मोकळे होतात. फ्लॉपी कोरी केली तर मोकळी होते एक रुपयाची तबकडी, आणि जातो तो मजकूर. इथे खिळे आणि अंक एकच आहेत. आणि कागदाचं म्हणशील तर या गावात पुरानंतर किती घरांनी पुस्तकांचे लगदे फेकले, ते तू पाहिलंयस. तुझ्या त्या दिवाळी अंकांच्या प्रती आज कोणाकडे आहेत?"

तो गप्प बसला. आमच्या घरात तरी एकही नव्हती.

"शिवाय नुसता कागद किंवा नुसती तबकडी असा हा वादच नाही," मी म्हटलं. "इंग्लंडची गोष्ट सांगते. तिथे १०८६ साली राजानं सगळ्या देशाच्या जमिनीची नोंद करून घेतली. डूम्सडे बुक म्हणतात त्याला. त्याला नऊशे वर्षं झाली म्हणून १९८६ मध्ये बीबीसीनं तशीच नवी नोंद केली. शाळाशाळांतल्या मुलांनी आपल्या गावाबद्दल लिहिलं, फोटो काढले. दहा लाखांवर लोकांचा हात लागला. हे सगळं दोन लेसर डिस्कवर भरलं. त्या डिस्क वाचायला खास प्लेअर लागायचा आणि त्याला जोडलेला बीबीसीचा संगणक."

"आणि?"

"पंधरा-सोळा वर्षांत ते प्लेअर दिसेनासे झाले. नऊशे वर्षांपूर्वीचं चामड्यावरचं पुस्तक लंडनच्या अभिलेखागारात आजही उघडून वाचता येतं आणि सोळा वर्षांपूर्वीचं वाचता येईना."

"बघ. मी तेच म्हणतोय. कागद बरा."

"पूर्ण ऐक. लीड्स आणि मिशिगन विद्यापीठांतल्या लोकांनी त्या जुन्या संगणकाची आणि प्लेअरची नक्कल करणारा प्रोग्रॅम लिहिला आणि २००२ मध्ये ती नोंद आजच्या संगणकावर पुन्हा सुरू करून दाखवली. तू मघाशी विचारलंस ना, यंत्राची नक्कल कशाला ठेवतेस म्हणून? याच्यासाठी. त्या मुलांनी लिहिलेलं त्या रस्त्यानं पुन्हा वाचता आलं."

मामानं चहाचा कप सरकवला. माझं त्याला पटलं नव्हतं, पण विषय त्याच्या मनात शिरला होता, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानंच सुरुवात केली. या वेळी त्यानं पुण्याचं उदाहरण काढलं.

"केळकर संग्रहालय आठवतं का तुला? मी नेलं होतं. दिनकर केळकरांनी गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, दरवाजे, भांडी गोळा केली आणि गेलेल्या मुलाच्या नावानं संग्रहालय केलं. लोक त्यांनाही म्हणाले असतील, हे काय जमवता? तेव्हा तुझ्या छंदाला मी नावं ठेवत नाही. पण एक फरक आहे. तिथला अडकित्ता काचेतून काढ आणि हातात दे, मी सुपारी कातरून दाखवतो. वस्तू बघितली की ती काय करते ते कळतं. ही फ्लॉपी काचेत ठेव. पोरं काय बघणार? काळा चौकोन."

या वेळी मला उत्तर शोधावं लागलं नाही, कारण मी जे काही करते त्याचं मूळ तेच आहे.

"म्हणून तर ती चालती ठेवायची. नुसती फ्लॉपी ठेवणं म्हणजे पातं नसलेला अडकित्ता ठेवणं. प्रिन्स ऑफ पर्शिया आठवतो?"

मामा हसला. त्याच्या दुकानातल्या संगणकावर रात्री काम संपलं की मला अर्धा तास मिळायचा. काळ्या पडद्यावर 'प्रिन्स मेगाहिट' असं टाइप करून सुरू केलं की साठ मिनिटांची मुदत वाढवता यायची, पातळी ओलांडता यायची. हा मंत्र कोणी कुठून आणला ठाऊक नाही, पण क्लासमधल्या प्रत्येक पोराला तो पाठ होता. पुढे खेळाची नवी आवृत्ती आली आणि तिच्यात तो शब्द चालेना, दुसराच लागायला लागला. कोणती आवृत्ती, हे ठेवणाऱ्यानं लिहून का ठेवायचं, ते मी पहिल्यांदा तिथे शिकले.

"तो खेळ एका माणसानं लिहिला," मी सांगितलं. "जॉर्डन मेकनर. १९८९ साली, ॲपल टू नावाच्या संगणकासाठी. धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावलं, त्याचं चित्रीकरण केलं आणि त्यावरून एकेक चित्र काढलं. म्हणून तो राजपुत्र माणसासारखा पळतो. पुढे तो खेळ जगभर गेला, सिनेमा निघाला, पण ज्या मूळ प्रोग्रॅमवरून तो बनला, तो खुद्द मेकनरकडे नव्हता. कुठे ठेवला ते सापडेना. २०१२ मध्ये त्याच्या वडिलांना घरातल्या कपाटात एक खोका मिळाला. त्यात त्या फ्लॉप्या होत्या. तेवीस वर्षांच्या."

"लावल्या आणि वाचल्या?"

"नाही. कशात लावणार? जुनी यंत्रं चालती ठेवणाऱ्या दोन-तीन माणसांना बोलावलं. ती आपली यंत्रं घेऊन त्याच्या घरी आली आणि एका दिवसात मजकूर उतरवून दिला. मेकनरनं तो सगळ्यांसाठी खुला केला. ती माणसं वर्षानुवर्षं हीच खटपट करत बसली होती. त्यांच्याही मामांनी त्यांना हेच विचारलं असेल."

यावर मामा म्हणाला ते मला लागलं, आणि लागायलाच हवं होतं.

"त्या माणसांकडे यंत्र होतं, ते चालवायचा हात होता, आणि वेळ आली तेव्हा ती कामाला आली. तुझ्याकडे किती गोष्टी आहेत?"

मी मोजलं. प्रोग्रॅम, साधनं, खुणा करून ठेवलेली पानं मिळून दोन हजारांच्या वर.

"त्यातली वापरलीस किती?"

साठ-सत्तर असतील.

"मग बाकीचं काय आहे? आमच्या छापखान्यात एक जण होता, त्याच्याकडे खिळे जुळवायच्या सात प्रकारच्या स्टिका होत्या. चांगल्या पितळी. जुळणी मात्र आम्हीच करायचो. साधन हातात झिजलं पाहिजे. तू रात्री एक वाजता काहीतरी नवं बघतेस, 'छान आहे' म्हणतेस, खूण करतेस आणि झोपतेस. त्या खुणेनं त्या वस्तूचं काय भलं झालं?"

काही नाही. हे मी तिथेच मान्य केलं आणि इथेही करते. नुसती खूण करून ठेवणं हा संग्रह नाही. शिवाय खूण केलेलं पान त्याच जागी राहील याची खात्री नसते. इंटरनेटवर घरगुती पानांची एक मोठी वसाहत होती, जिओसिटीज. लाखो लोकांनी तिथे आपापली पानं थाटली होती. २००९ मध्ये कंपनीनं ती बंद केली. ज्यांनी खुणा करून ठेवल्या होत्या त्यांच्याकडे फक्त पत्ते राहिले. ज्या स्वयंसेवकांनी शेवटच्या काही महिन्यांत रात्रंदिवस पानं उतरवून घेतली, त्यांच्यामुळे त्या वसाहतीचा बराच भाग आज बघायला मिळतो.

"आणि आणखी एक," मामा म्हणाला. आता त्याचा आवाज बदलला होता. "तुम्ही मुलं त्या जुन्या संगणकांबद्दल असं बोलता की जणू तो सोन्याचा काळ होता. चौदा इंची पडदा, लुकलुकणारा. दिवाळी अंकाच्या दिवसांत आम्ही रात्री दोन-दोनपर्यंत बसायचो. वीज गेली की पान गेलं. डोंगल बिघडला की आठ दिवस काम बंद, आणि तो बदलून आणायला मुंबईला खेप. बटर पेपरवर प्रिंट काढायची, कापायची, चिकटवायची. एक काना राहिला तर तो ब्लेडनं कापून चिमट्यानं लावायचा. माझा डावा डोळा त्यात गेला. मला त्या यंत्राची आठवण काढावीशी वाटत नाही."

यावर मी काही म्हटलं नाही. काय म्हणणार? जुन्या यंत्रांवर प्रेम करणाऱ्या आम्हा लोकांच्या बोलण्यात ते चालवणाऱ्यांचे डोळे, पाठ आणि रात्री फार क्वचित येतात, हे खरं आहे.

तिसऱ्या दिवशी मी कामाला लागले. मामा समोर आरामखुर्चीत बसून बघत होता.

फ्लॉपीच्या कोपऱ्यातली छोटी खिडकी आधी उघडी करायची. ती उघडी असली की संगणक फ्लॉपीवर काही लिहू शकत नाही. मग वरची पत्र्याची झडप बोटानं सरकवून आतली तबकडी हळूहळू फिरवत उजेडात बघायची. कोकणातल्या हवेत माळ्यावर इतकी वर्षं पडलेल्या तबकडीवर बुरशीचे पांढरे ठिपके हमखास असतात. ती तशीच यंत्रात घातली तर वाचणारं डोकं त्या ठिपक्यांवर घासतं आणि तबकडीवरचा लेप खरवडून निघतो. मग पुढची फ्लॉपीही खराब होते. म्हणून कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून दोन्ही बाजू पुसायच्या आणि पूर्ण वाळू द्यायच्या. एका तबकडीला वीस मिनिटं. मग जुना फ्लॉपी ड्राइव्ह, त्याला जोडलेलं एक छोटं सर्किट, आणि वाचायला सुरुवात. एका फ्लॉपीवर दोन बाजू, प्रत्येक बाजूला ऐंशी वर्तुळं, प्रत्येक वर्तुळात अठरा कप्पे आणि प्रत्येक कप्प्यात ५१२ अक्षरांची जागा. एखादा कप्पा वाचला गेला नाही की ते सर्किट पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं.

त्रेचाळीसपैकी छत्तीस पूर्ण उतरल्या, चार अर्ध्यामुर्ध्या. तीन काही केल्या बोलल्या नाहीत आणि त्या तिघींत फॉन्टच्या पॅकेजची फ्लॉपी होती.

मी लॅपटॉपवर विंडोज ९८ असलेला जुना संगणक नकलेनं उभा केला. त्यात पेजमेकर चढवला आणि १९९७ च्या दिवाळी अंकाची फाइल उघडली. फॉन्ट सापडत नाही असा निरोप आला, मी पुढे गेले, आणि पानभर इंग्रजी अक्षरांचा काला समोर आला.

इथे थोडं समजावून सांगायला हवं. मराठी संगणकावर आणायचा एक शहाणा मार्ग फार आधी सापडला होता. आयआयटी कानपूरला १९८३ मध्ये सुरू झालेलं आणि पुढे पुण्याच्या सी-डॅक या संस्थेत आलेलं जिस्ट या तंत्राचं काम तो मार्ग घेऊन चाललं होतं. अक्षर कोणतं ते साठवायचं, ते दिसेल कसं ते यंत्रानं ठरवायचं. इस्की हे भारतीय मानक त्यातून आलं आणि युनिकोडमधल्या देवनागरीची मांडणीही इस्कीवरूनच घेतलेली आहे. पण पान लावायचा पेजमेकर परदेशी. त्याला मराठी ठाऊकच नव्हती. म्हणून डीटीपीवाल्यांसाठी फॉन्ट बनवणाऱ्यांनी त्याला चकवलं. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठीचे तुकडे बसवले. काना एक तुकडा, मात्रा एक, अर्धा ण एक. पेजमेकरला वाटायचं आपण इंग्रजी मजकूर लावतोय, आणि डोळ्याला दिसायची मराठी. फॉन्ट काढून घेतला की मागे उरतो तो इंग्रजीचा काला. प्रत्येक कंपनीची तुकड्यांची मांडणी वेगळी. जवळपास दोन दशकांची मराठी, त्यात दिवाळी अंक, पाठ्यपुस्तकं, कवितासंग्रह, ग्रामपंचायतींचे अहवाल, अशी कुलपं लावून पडली आहे. ती शोधता येत नाही, तिची नक्कल करून दुसरीकडे चिकटवता येत नाही.

"संपलं," मी म्हटलं. "फॉन्टच नाही. ती आवृत्ती आता मिळतही नाही, आणि मिळाली तरी डोंगल मागेल."

मामा खुर्चीतून उठला, पडद्याजवळ आला, उजवा डोळा बारीक करून बघत राहिला. मग त्यानं दोन्ही हात टेबलावर ठेवले, टाइपरायटरवर ठेवतात तसे.

"हे वाच," तो म्हणाला.

"एफ, डी, यू, के, जे, के."

त्याची बोटं टेबलाच्या सनमायकावर एकेक करून दबली. "एफ म्हणजे पहिली वेलांटी. डी म्हणजे क. यू, न. के, काना. जे, र. पुन्हा काना." तो थांबला. "किनारा."

मी दुसरा शब्द वाचला. त्यानं तोही सांगितला. तिसरा. चौथा. त्याचा फॉन्ट मराठी टाइपरायटरच्या कळपाटावर बेतलेला होता. पडद्यावरचा काला म्हणजे अठ्ठावीस वर्षांपूर्वी त्याच्या बोटांनी दाबलेल्या कळाच होत्या, त्याच क्रमानं. बोटं विसरली नव्हती. डोळ्यांना जे वाचता येत नव्हतं ते बोटं वाचत होती.

अर्धं पान झालं तेव्हा मी रडत होते.

आता माझा संग्रह कामाला आला. असा मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारा एक छोटा प्रोग्रॅम मी कधीतरी खूण करून नव्हे, उतरवून ठेवला होता. कोणीतरी हिंदीसाठी लिहिलेला. मामानं सांगितलेल्या कळा त्याच्या तक्त्याशी बऱ्याचशा जुळल्या. त्यात दोन उलटापालटी कराव्या लागतात. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफाराचं उलट, जुन्यात अक्षरानंतर, नव्यात आधी. संध्याकाळपर्यंत अख्खा अंक शोधता येईल अशा मराठीत समोर होता.

मामानं प्रूफ वाचायला घेतलं. मला वाटलं, कौतुक करेल. चौथ्या पानावर त्याचं बोट थांबलं.

"हे चूक आहे."

वाक्य असं होतं की पाऊस दर्यांवरून उतरत आला. मला त्यात काही वावगं दिसेना. कोकणातला पाऊस समुद्रावरूनच येतो.

"हा लेखक सह्याद्रीच्या पायथ्याचा. समुद्राशी त्याचा संबंध नाही. आणि पाऊस समुद्रावरून उतरेल कसा? त्यानं 'दऱ्यांवरून' लिहिलं होतं. मी स्वतः टाइप केलंय."

मी तपासलं. मराठीतला हा आडवा, केसासारखा अर्धा र हिंदीत लागत नाही. हिंदीसाठी लिहिलेल्या त्या प्रोग्रॅमनं तो जिथे दिसला तिथे साधा रफार करून टाकला होता. सगळ्या दऱ्यांचा दर्या झाला होता. एका कथेत लग्नघरातल्या आचाऱ्याचा आचार्य झाला होता. दोन्ही शब्द मराठीत खरे असल्यामुळे शुद्धलेखन तपासणाऱ्या कुठल्याही यंत्राला यात चूक सापडली नसती. युनिकोडमध्ये यासाठी खाली टिंब असलेला ऱ आहे, त्याला हलन्त जोडला की तो अर्धा र मिळतो, पण तो कुठे लावायचा हे त्या प्रोग्रॅमला कोणी सांगितलंच नव्हतं.

"तो कळपाटावर नव्हता," मामा म्हणाला. "आल्ट दाबून धरायचं आणि चार आकडे मारायचे." आकडे त्याला पाठ होते. असे आणखी सदतीस आकार त्यानं त्या रात्री मला लिहून दिले.

चौथ्या दिवशी आम्ही वाद घातला नाही. मी तक्ता पुरा केला, प्रोग्रॅम दुरुस्त केला आणि छत्तीस फ्लॉप्यांतला मजकूर त्यातून काढला. निघताना मी डबा उचलला तेव्हा मामा म्हणाला, "भंगारात नको देऊस. पण त्या दोन हजार खुणा पूस." घरी आल्यावर मी पुसल्या. जे चालवून पाहिलं नाही, ज्याची आवृत्ती ठाऊक नाही, जे कोणी कशासाठी वापरलं ते मला सांगता येत नाही, ते काढून टाकलं. एकशे बारा गोष्टी उरल्या. त्या प्रत्येकीसोबत आता एक कागद आहे. मामाच्या फॉन्टच्या तक्त्यासोबत त्याच्या हातचेच अडतीस आकडे आहेत.

एका गोष्टीत मात्र मी माझं म्हणणं सोडलेलं नाही. मामा म्हणतो अंक निघाला तेव्हा काम संपलं. मला वाटतं, त्या अंकांतल्या एकाही लेखकानं एका दिवाळीपुरतं लिहिलं नव्हतं.

तुमच्या घरी, छापखान्यात, शाळेच्या कपाटात, दिवाळी अंकाच्या कचेरीत असा डबा असेल तर तो फेकू नका आणि उत्साहाच्या भरात फ्लॉप्या यंत्रात घालूही नका. आधी फ्लॉपीच्या कोपऱ्यातली खिडकी उघडी करा. वर पेनानं साल लिहा. मग ज्यानं तो मजकूर टाइप केला त्या माणसाला शोधा आणि विचारा की फॉन्ट कोणता होता, कळपाट कोणता होता, आल्ट दाबून कोणते आकडे मारायचात. तो जे सांगेल ते लिहून त्याच डब्यात ठेवा. हे विचारायला वेळ लावू नका. माझा मामा आता बहात्तर वर्षांचा आहे, आणि त्याच्या दुकानात काम करणाऱ्या तिघा ऑपरेटरांपैकी एकच आज हयात आहे.